मामा, तुम्हीच सांगा!

सिनेमाला जाण्यात त्रास काही नाही. तिकीट मोबाइलवर निघतं, पॉपकॉर्नच्या भावावर एकदा हळहळून घेतलं की तो विषय मिटतो, आणि आत एसी असतो. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये कथानक नसलं तरी चालतं, एसी पाहिजे. त्रास सुरू होतो तो सिनेमा सुटल्यावर, आणि तोही मला एकट्याला. माझे दोन भाचे माझ्या दोन अंगांना बसलेले असतात. दिवे लागायच्या आत दोघं एकदम माझ्याकडे वळतात आणि म्हणतात, "मामा, तुम्हीच सांगा!"

मी काय सांगायचं ते अर्थात दोघांनी आधीच ठरवलेलं असतं.

थोरला पुण्यातल्या कंपनीत आहे, पण घरून काम करतो. घरून म्हणजे नवी पेठेतल्या माझ्या टॉवेल-चादरीच्या दुकानातून, कारण घरचा एसी अक्का दुपारी बंद करते. त्याचं वाचन दांडगं. कॉमिक म्हणजे आमच्या पिढीला एसटी स्टँडवर मिळणारा वेताळ. याला म्हणजे ग्रंथ. धाकटा जिमवाला. अंडी मोजून खातो. त्याच्या मोटारसायकलच्या टाकीवर पनिशरची, म्हणजे कॉमिकमधल्या गुन्हेगार मारत सुटणाऱ्या एका इसमाची, पांढरी कवटी चिकटवलेली आहे आणि हँडलला अक्काने लिंबू-मिरची बांधली आहे. म्हणजे गुन्हेगार आणि नजर, दोन्हींचा बंदोबस्त झाला.

दोघांचं भांडण एकाच गोष्टीवर. कॉमिकवरून काढलेल्या सिनेमात जी कापाकापी चालते ती थट्टा म्हणून असते की टाळ्यांसाठी? थोरला म्हणतो, "मामा, हे सगळं सटायर आहे. तो माणूस हिरो नाहीच." धाकटा म्हणतो, "हिरो नाही तर पोस्टरवर कोण आहे बे मग?" दोघांचंही मला पटतं. आणि तिथंच माझे हाल सुरू होतात, कारण ज्याला दोघांचंही पटतं त्याला दोघेही सोडत नाहीत.

परवा दुकानात जज ड्रेडवरून जुंपली. हा ड्रेड १९७७ पासून इंग्लंडच्या एका साप्ताहिकात आहे. पोलीस तोच, न्यायाधीश तोच, फाशी देणाराही तोच. रस्त्यावर पकडायचं, तिथंच निकाल, तिथंच शिक्षा. थोरल्याचं म्हणणं असं, की सगळी सत्ता एका माणसाच्या हातात दिली तर काय होईल याची ती टवाळी आहे. म्हणून तर त्याचा चेहरा कधी दाखवत नाहीत, कायम हेल्मेट. १९९५ च्या सिनेमात सिल्व्हेस्टर स्टॅलोनने ते हेल्मेट काढलं आणि जगभरचे चाहते खवळले. २०१२ मध्ये पुन्हा सिनेमा आला, तेव्हा कार्ल अर्बनने अख्ख्या सिनेमात हेल्मेट काढलं नाही, म्हणून त्याला डोक्यावर घेतलं.

"हेल्मेट काढलं म्हणून लोक चिडले?" मी विचारलं.

"मग काय! मामा, तुम्हाला गांभीर्यच कळेना."

गांभीर्य कळत होतं. पण मी ज्या गावात राहतो तिथं हेल्मेट घातलेला माणूस दिसला की आपण विचारतो, "काय ओ, पुण्याला निघालाव?" ऊन ४३ अंशांवर गेलेलं असतं, डोक्याला पंचा आणि पंचावर टोपी असते. एखाद्याने दीड तास हेल्मेट काढलं नाही हा अभिनय आहे की शिक्षा, हे ठरवणं मला जड जात होतं.

तेवढ्यात दाजी आले. दाजी म्हणजे अक्काचे यजमान, या दोन्ही दिवट्यांचे वडील. त्यांनी ड्रेडची सगळी हकीकत शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, "पत्ता काय याचा?"

दाजींचा भावकीशी बांधावरून दावा चालू आहे. दावा दाखल झाला तेव्हा थोरला दुसरीत होता. दाजींनी वकिलांच्या दोन पिढ्या बघितल्या. आताचा वकील हा पहिल्या वकिलाचा मुलगा. तारीख पडते, दाजी कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून घेतात, कोर्टात जातात, झाडाखाली बसून खातात आणि पुढची तारीख घेऊन येतात. अशा माणसाला तुम्ही सांगताय की एक पोलीस जागेवरच निकाल देतो, आणि ही थट्टा आहे, याला हसायचं. दाजी कसे हसतील?

"पप्पा, तो हुकूमशाहीचा नमुना आहे!" थोरला कळवळून म्हणाला.

"असू दे की बे. आमच्या बांधावर अर्धा तास पाठव. मग हुकूमशाहीचं बघू."

धाकट्याने वडिलांना मिठी मारली. ही मिठी जिमची असते, दाजी दोन दिवस खांदा चोळत होते.

मला तरी वाटतं, या सगळ्या वादाची मेख दाजींच्या त्या पिशवीतल्या भाकरीत आहे. लेखक तिकडे बसून खवचटपणे लिहितो, की बघा, न्यायाला कंटाळलेले लोक कसल्या राक्षसाला देव करतील. आणि न्यायाला कंटाळलेला माणूस इकडे तेच वाचतो आणि म्हणतो, वा, राक्षस चांगला आहे, कुठं मिळतो?

दुकानात त्या वेळी एक गिऱ्हाईक बसलं होतं. कर्नाटकातल्या इंडीकडचे पाहुणे, मुलीच्या लग्नात आहेराला द्यायला टॉवेल बघत होते. मी जाड, मध्यम, हलका असे तीन नमुने त्यांच्यापुढे टाकले होते. त्या टॉवेलांच्या चळतीवर थोरल्याने आपला टॅब टेकवला आणि 'वॉचमेन' उघडलं.

आता 'वॉचमेन' म्हणजे या पंथाची पोथी. ॲलन मूर यांनी लिहिली, डेव्ह गिबन्स यांनी काढली, १९८६-८७ मध्ये १२ अंकांत आली. २००९ मध्ये झॅक स्नायडरने सिनेमा केला. त्यात रोरशाक नावाचा एक इसम आहे. तोंडावर सारखे बदलणारे काळे डाग असलेला पांढरा मुखवटा, अंगाला वास, खायला डब्यातले गार बीन्स, आणि गुन्हेगार सापडला की त्याची बोटं मोडणं हा छंद. मूर यांनी हा माणूस असा होऊ नये म्हणून रंगवला. झालं उलटंच. लोक येऊन मूर यांना सांगू लागले, "रोरशाक म्हणजे मीच ओ!" आणि मूर यांना वाटू लागलं की हा गृहस्थ जितका लांब राहील तितकं बरं.

"सिनेमाला त्यांनी नावसुद्धा दिलं नाही," थोरला म्हणाला. "पडद्यावर फक्त गिबन्सचं नाव आहे."

"आणि मानधन?" दाजींनी विचारलं.

"आपला वाटा गिबन्सना देऊन टाकला."

दाजी गप्प झाले. पैसे सोडणारा माणूस त्यांनी फक्त कीर्तनात ऐकला होता. तेव्हापासून ते मूर यांना 'मूरसाहेब' म्हणतात. सिनेमा कोणताही असो, मध्येच विचारतात, "मूरसाहेबांचं काय मत पडलं?" मूरसाहेबांचं मत बहुधा वाईटच असतं, त्यामुळे उत्तर द्यायला सोपं जातं.

तर थोरल्याने एका बाजूला कॉमिकचं पान आणि दुसऱ्या बाजूला सिनेमातला तोच प्रसंग लावला. अंधाऱ्या बोळात गुंडांची टोळी आडवी येते आणि हे दोन निवृत्त वीर, एक बाई आणि एक बुवा, त्यांना बडवून काढतात. कागदावरचा बुवा म्हणजे नाइट आउल, त्याचं पोट सुटलेलं आहे. मला तो लगेच आवडला. छोट्या छोट्या चौकटी, मध्ये मध्ये भलत्याच ठिकाणचं संभाषण, त्यामुळे बडवणं सलग दिसतच नाही. वाचणाऱ्याला थांबून थांबून विचार करावा लागतो की हे काय चाललंय. सिनेमात मात्र हाड मोडतं ते दंडातून बाहेर येतं, कचकन आवाजासह. धाकट्याने तेवढं पुन्हा लावलं. मग आणखी हळू करून लावलं.

इंडीच्या पाहुण्यांनी हातातला मध्यम टॉवेल खाली ठेवला.

"बघा मामा," थोरला म्हणाला, "पुस्तकात हे बघून कसंतरी होतं. ते तसंच व्हायला पाहिजे. सिनेमाने त्याचा नाच केला."

"बघा मामा," धाकटा म्हणाला, "किती भारी घेतलंय. पुस्तकात हाड तरी दिसतं का?"

मी पाहुण्यांकडे बघितलं. धंद्याचा माणूस आहे मी, गिऱ्हाईक उठायला लागलं की मला पाठीमागूनही कळतं. पण पाहुणे उठले नाहीत. पुढे वाकले आणि म्हणाले, "मालक, जरा परत लावाय सांगा की. मी नीट बघितलो नाही."

पुढचा तासभर त्यांनी टॉवेलाला हात लावला नाही. त्यांना मूळ मुद्दा झटकन कळला. फक्त ते बाजू घेईनात. "हे बी बरोबर हाय, ते बी बरोबर हाय," असं म्हणत ते मान डोलवायचे, आणि भाच्यांनी त्यांनाही 'काका, तुम्हीच सांगा' सुरू केलं. मला जरा मोकळं वाटलं. कोर्टाच्या कामात एक न्यायाधीश वाढला की दुसऱ्याला चहा प्यायला वेळ मिळतो.

हे असलं सगळं काही आजचं नाही, हे मला थोरल्यानेच शिकवलं. १९५४ मध्ये अमेरिकेत फ्रेडरिक वर्थम नावाच्या मनोविकारतज्ज्ञाने पुस्तक लिहिलं, की कॉमिक वाचून पोरं बिघडतात. सिनेटमध्ये सुनावणी झाली, प्रकाशकांनी घाबरून स्वतःच नियमावली केली. चांगल्याचा विजय झाला पाहिजे, गुन्हेगाराला शिक्षा झाली पाहिजे, मासिकाच्या नावात 'हॉरर' शब्द नको. नियम पाळल्याचा शिक्का अंकावर मिरवणारे शेवटचे प्रकाशक २०११ मध्ये थांबले. "म्हणजे बघा," थोरला म्हणाला, "अर्धं शतक थट्टा करायलाच बंदी होती, म्हणून नंतर एवढी तुंबलेली बाहेर आली." हे त्याचं मत. अक्काला ती नियमावली फार आवडली. ती अजून मिळते का, असं तिने विचारलं.

अक्का सहसा या वादात पडत नाही. पण एकदा रविवारी दुपारी 'किक-ॲस' लागला होता. २०१० चा. त्यात हिट-गर्ल नावाची ११ वर्षांची पोरगी जांभळ्या केसांचा टोप घालून खोलीभर माणसं कापून काढते आणि तोंडाने जे बोलते ते मी इथं लिहू शकत नाही, पुन्हा दुकानात बसायचंय. थोरला समजावत होता, की सुपरहिरोच्या वेडापायी बाप पोरीचं काय करून ठेवतो, हे त्यात आहे. धाकटा टाळ्या वाजवत होता. अक्का शेंगा निवडता निवडता बघत राहिली. मग म्हणाली, "हिला शाळा नाही का?"

कोणी उत्तर दिलं नाही. समीक्षा वाचायला मला फारशी मिळत नाही, पण त्या सिनेमावर यापेक्षा नेमकं कोणी काही बोललं असेल असं वाटत नाही. दुसरा भाग २०१३ मध्ये आला, तेव्हा त्यातलाच नट जिम कॅरी, शाळेत झालेल्या गोळीबारानंतर, म्हणाला होता की एवढ्या हिंसेला माझा पाठिंबा नाही. म्हणजे शाळेचा मुद्दा तिकडेही निघालाच.

आपलं सेन्सॉर बोर्ड या वादात कधी पडत नाही, ते वेगळ्याच रस्त्याने जातं. २०२५ च्या 'सुपरमॅन'मध्ये इमारती कोसळल्या, शहर दुभंगलं, ते सगळं आम्ही सहकुटुंब बघितलं. सुपरमॅनने लोइसचं चुंबन घेतलं तेवढं मात्र कापलं होतं. दाजी म्हणाले, बरं झालं, पोरं बरोबर होती. दोन्ही पोरांची वयं आता लग्नाची झाली आहेत.

आणि 'जोकर'! तो भारतात लागला २ ऑक्टोबर २०१९ ला. 'ए' सर्टिफिकेट, व्हेनिसच्या महोत्सवातला गोल्डन लायन पुरस्कार मिळालेला, आणि दिवस गांधीजयंतीचा. गावातली दारूची दुकानं बंद, जोकर चालू. थेटरातून बाहेर पडल्यावर दाजी पानटपरीवर उभे राहून बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पावणं, त्या पोराला कोणीतरी नीट नोकरी द्यायला पाहिजे होती." थोरला आनंदला, पप्पांना करुणा कळली. धाकटाही आनंदला, पप्पा जोकरच्या बाजूचे निघाले. दोघांनी मला विचारलं, पप्पा कोणाच्या बाजूचे? मी पान लावायला सांगितलं.

सगळ्यात अवघड प्रकरण म्हणजे धाकट्याच्या टाकीवरची ती कवटी. दाजींना इतके दिवस ती वेताळाची वाटत होती. वेताळाच्या अंगठीवर कवटी, ठोसा मारला की गुंडाच्या जबड्यावर ठसा. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ पासून आले त्यात दाजींचं बालपण गेलं. वेताळ पिस्तुलाने समोरच्याच्या हातातलं पिस्तूल उडवायचा आणि गप्प घरी जायचा. पनिशर तसा नाही, तो मुडदे मोजत नाही. १९७४ मध्ये तो आला तोच स्पायडरमॅनचा वैरी म्हणून. पुढे अमेरिकेत पोलिसांनीच त्याची कवटी गाडीवर लावायला सुरुवात केली. मग २०१९ च्या एका अंकात लेखकाने पनिशरच्याच हातून पोलिसांच्या गाडीवरचं ते स्टिकर फाडून दाखवलं. तुम्ही कायदा राखायची शपथ घेतलीय, माझ्यासारखं होऊ नका, कॅप्टन अमेरिकेकडे बघा, असं तो सांगतो.

हे पान थोरल्याने धाकट्याला दाखवलं तेव्हा मी मुद्दाम काउंटरवरचं काम सोडून बघत होतो. म्हटलं आता स्टिकर निघणार. धाकट्याने पान वाचलं. पुन्हा वाचलं. टॅब परत दिला.

"चुकलंय," तो म्हणाला.

"कोण चुकलंय?"

"लेखक. पनिशर असं बोलणारच नाही."

थोरल्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्याच्याकडे सालवार पुरावे होते, अंकांचे क्रमांक होते, प्रत्यक्ष पनिशर साक्षीला उभा केला होता. आणि साक्षीदारच खोटा ठरला. मला धाकट्याचं कौतुकच वाटलं. कीर्तनकाराने अभंगाचा भलता अर्थ लावला तर आमची आजीही म्हणायची, महाराज चुकले. माणूस एकदा मनात बसला, की तो कोणी लिहिला याची चौकशी थांबते, आणि ती थांबवण्याचा हक्क वाचणाऱ्याला आहेच. थट्टा करणाऱ्याने हा धोका पत्करूनच पेन उचलायचं. आणि सिनेमावाल्याला तर तो दुप्पट आहे. कागदावरचं रक्त मुकं असतं, आपण नुसतं बघतो. पडद्यावर त्याच्यामागे ढोल-ताशे लावले, रक्ताचा थेंब हवेत फिरवून फिरवून दाखवला, आणि मग म्हणालात की आम्ही याचा निषेध करत होतो, तर आमच्यासारख्या बिनडोक प्रेक्षकाने निषेधाला टाळ्या वाजवायच्या की रक्ताला? मी आपला टॉवेलवाला आहे. रक्ताचा डाग गार पाण्यात भिजवला तर निघतो, गरम पाण्यात टाकला की कायमचा बसतो. स्नायडरसाहेबांना हे कोणी सांगितलं नसावं.

हे मी त्या दिवशी मोठ्याने बोललो. हा माझा एवढ्या काळातला पहिला निकाल. थोरला म्हणाला, "म्हणजे मी जिंकलो." धाकटा म्हणाला, "म्हणजे डाग बसला हे मामांनी मान्य केलं, डाग भारीच होता." दाजी म्हणाले, "मूरसाहेबांचं काय मत?"

हा वाद थांबतो तो एकाच कारणाने: नळाला पाणी येतं. आमच्याकडे पाणी रोज येत नाही. येतं तेही रात्री-बेरात्री, त्यामुळे ते आलं की ड्रेड, जोकर, रोरशाक सगळे आहेत तिथं टाकून घर उठतं. थोरला पाइप ओढतो, धाकटा एकेका हातात दोन-दोन बादल्या घेऊन जिना चढतो, आणि त्या जिमचा घराला जो काही उपयोग आहे तो तेवढाच. दाजी मोटरपाशी उभे राहून दोघांवर ओरडतात. त्या वेळी कोणी कोणाला विचारत नाही की या ओरडण्यामागे टोमणा आहे की खरा राग आहे. टाकी भरली की गच्चीवरूनच धाकट्याचा आवाज येतो, "पण मामा, शेवटाला ऑक्टोपस होता तोच काढून टाकला ना बे त्यांनी!" 'वॉचमेन'च्या पुस्तकाच्या शेवटी न्यूयॉर्कवर एक अवाढव्य ऑक्टोपससारखा प्राणी येऊन पडतो, सिनेमात तो घेतलाच नाही, हे त्याचं रात्री एक वाजताचं दुःख.

इंडीच्या पाहुण्यांनी शेवटी जाड टॉवेल घेतले, भावही फार पाडला नाही. लग्न होऊन गेलं. परवा त्यांचा फोन आला. मला वाटलं रंग गेला किंवा नग कमी भरले. तसं काही नव्हतं.

"मालक, टॉवेल एक नंबर. दुसरंच काम होतं. त्यो हेल्मेटवाला सिनेमा बघितलो मी, पोरांसंगट. आता घरात रोज भांडण चालू हाय ओ. थोरला म्हणतो थट्टा हाय, धाकटा म्हणतो खरं हाय. जेवताना माझ्याच तोंडाकडं बघत्यात, अप्पा तुम्ही सांगा म्हणत्यात. तुमच्या त्या शिकलेल्या भाच्याचा नंबर देता का जरा?"

मी थोरल्याचा नंबर दिला. मग तेवढ्याच तत्परतेने धाकट्याचाही दिला.